फोटो अजून नीट आलेला नाही

ता. ४ मार्च

चि. गुंडीस,
अनेक आशीर्वाद.

आधी चांगली बातमी. नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि परवा पट्टी निघाली. मला वाटलं, बाप आहे, लेकीला समोर बघून काहीतरी गोड बोलेल. तर तुझ्या आजोबांनी माझ्या डोक्यावरून वर पाहिलं आणि छताच्या कोपऱ्यात जाळं असल्याचं सांगितलं. मी घर झाडते की नुसती फिरते, असंही विचारलं. म्हणजे लांबचं उत्तम दिसतंय. जवळचं अजून धूसर आहे. चष्मा महिन्याभराने मिळेल.

त्यानंतर त्यांनी एक गोष्ट मागितली. त्यांना दोन्ही मुलं एकदम बघायची आहेत. एक सकाळी, एक संध्याकाळी अशी नाही. एकाच भिंतीपाशी, एका नजरेत. आणि त्याचा मोठा फोटो पलंगासमोर लावायचा आहे, म्हणजे रोज सकाळी उठल्यावर दोघं समोर.

भांडण झालं तेव्हा तू शाळेत होतीस आणि तुझ्यासमोर कोणी नीट बोललं नसेल, म्हणून सांगते. काकाने आपल्या शिंपीकामाच्या दुकानासमोरच, रस्त्याच्या पलीकडे, तयार कपड्यांचं दुकान थाटलं. तुझे बाबा म्हणाले, पोत्यासारखे शर्ट विकणाऱ्याचा शिंप्याच्या घराशी संबंध नाही. काका म्हणाला, एका शर्टासाठी तीन ट्रायल घ्यायला बोलावणाऱ्या दुकानात आता फक्त म्हातारे येतात. झालं. नऊ वर्षं दोघं समोरासमोर शटर वर करतात आणि एकमेकांकडे ढुंकूनही बघत नाहीत.

मी दोघांना रविवारी अकराची वेळ दिली आणि एकाला दुसऱ्याबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. दोघं दारात समोरासमोर आले, पण नानांचा आवाज आल्यावर मुकाट्याने आत गेले. नाना पुढे खुर्चीत आणि दोघं मागे, मधे एखादं कपाट मावेल एवढं अंतर ठेवून. सगळे मावावेत म्हणून मी सरकत सरकत स्वयंपाकघरात पोचले आणि तिथून तू दिलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढला.

कॅमेऱ्यात मोठा, मध्यम, लहान अशी निवड आहे. मोठ्यावर ठेवलं की कोपऱ्यात ६१ येतात, म्हणजे तेवढेच फोटो मावतील, लहानावर ठेवलं की १०१२. मी तीस वर्षं नानांच्या हाताखाली काजं केली आहेत. कापड वाचवून बेतायचं, एवढं एक माझ्या हाडीमाशी खिळलंय. तेव्हा अर्थातच लहान. एकसष्ट फोटोंतच सगळं संपवायची उधळपट्टी कोण करणार?

कोपऱ्यावरच्या संगणकवाल्याकडून तुला फोटो ई-मेलने धाडला आहे. तुझ्या फोटो-लॅबमध्ये वीस इंच बाय सोळा इंच छापून पाठव. आणि कॅमेऱ्यावर लिहिलेलं हे मेगापिक्सेल काय प्रकरण आहे तेही कळव. फोन करू नकोस. फोन नानांच्या उशाशी असतो, आणि फोनवर ऐकलेलं मला परत वाचता येत नाही.

माया आहे ती असू दे, आणि वेळेवर जेवत जा.
तुझी,
आत्या


ता. ११ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी मशीनशेजारी उभ्याउभ्या वाचलं आणि बाबा नि काका एका खोलीत उभे राहिले हे वाचून खाली बसले. तू जे केलंस ते या घरात दुसऱ्या कोणाला जमलं नसतं. म्हणून पुढचं लिहायला हात धजावत नाहीये.

आत्या, फोटो छापता येणार नाही. मी वीस इंचांवर लावून पाहिला, तर सगळ्यांचे चौकोन झाले. बाबांचं नाक मोजून सात चौकोनांचं आहे. काकाला डोळेच नाहीत, दोन काळे चौकोन आहेत. चूक माझी. कॅमेरा देताना सेटिंग समजावायला हवं होतं.

तुला आपल्या भाषेत सांगते. फोटो म्हणजे ठिपक्यांचं विणलेलं कापड. लहानावर काढलास, तेव्हा कॅमेऱ्याने आडवे ६४० आणि उभे ४८० ठिपके विणले. हातात धरून बघायच्या फोटोला एका इंचात तीनशेच्या आसपास ठिपके असले की चेहरा नितळ दिसतो. तेव्हा तुझं हे कापड जेमतेम दोन इंचांना पुरतं. ते ताणून वीस इंच केलं, की एका इंचात उरतात बत्तीस. भिंतीवरचा फोटो लांबून बघायचा असल्याने दीडशेसुद्धा चालतात, पण बत्तीस म्हणजे मच्छरदाणी झाली. मोठ्यावर ठेवशील तर हाच कॅमेरा आडवे २२७२ आणि उभे १७०४ ठिपके देतो. त्यांचा गुणाकार अडतीस लाखांच्या वर जातो, दुकानदार त्यालाच चार मेगापिक्सेल म्हणतात. त्यातून बारा बाय नऊ इंचांचा फोटो देखणा येईल. वीस इंचांचा हट्ट सोड.

छापायचं असेल तर मोठा आणि ई-मेलने नुसतं दाखवायचं असेल तर लहान, एवढं लक्षात ठेव. तू नेमकं कापड वाचवायला गेलीस तिथे वाचवायचं नव्हतं.

आणखी एक. दोघं इतके लांब उभे होते की निम्मे ठिपके मधल्या रिकाम्या भिंतीवर खर्च झालेत. भिंतीचा रंग मात्र छान आलाय. जवळ उभे राहिले तर तुला स्वयंपाकघरात जावं लागणार नाही आणि तेच ठिपके चेहऱ्यांच्या वाट्याला येतील.

दोघांना पुन्हा बोलावणं तुझ्या जिवावर येईल हे मला कळतंय. तोवर दोन इंचांचा फोटो सोबत ठेवते.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझी,
गुंडी


ता. १९ मार्च

चि. गुंडीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. कापडापर्यंत समजलं, गुणाकारापासून पुढचं सगळं डोक्यावरून गेलं. खात्री करायला मी आपल्या शिलाई मशीनचे तीन फोटो काढले, लहान, मध्यम आणि मोठा. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या काचेत तिन्ही सारखेच दिसतात. मग ते अडतीस लाख ठिपके बसतात तरी कुठे? पुढची काच तर माझ्या अंगठ्याएवढी आहे. तू सांगतेस म्हणून मानते.

दोन इंचांचा फोटो नानांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, आणि दोन्ही मुलं शर्टाच्या बटणांसारखी दिसतात म्हणाले. मग उशीखाली ठेवून दिला.

मग मी काय केलं, तर खरं तेच सांगितलं. आधी काकाच्या दुकानात गेले, मग रस्ता ओलांडून तुझ्या बाबांकडे. फोटो बिघडला, दोष माझा, परत यावं लागेल. तुझे बाबा म्हणाले, तयार वस्तू अशाच असतात, मापाने काही नसतं. काका म्हणाला, यंत्राचा दोष नाही, वापरणाऱ्याला माहिती हवी. दोघांचं एकमेकांशी बोलणं म्हणायचं तर एवढंच, तेही माझ्यामार्फत आणि रस्त्याच्या आरपार. पण दोघं आले.

नाना पुन्हा पुढे खुर्चीत, दोघं मागे. मी तुझं पत्र वाचून दाखवलं की निम्मे ठिपके भिंतीवर वाया गेले. काका लगेच एक पाऊल सरकला. तुझे बाबा म्हणाले, मी उभा आहे तिथेच उभा आहे. मग काका आणखी अर्धं पाऊल सरकला. या खेपेला मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच जावं लागलं. कॅमेरा मोठ्यावर होता, तीनदा बघून घेतलं. नंतर काकाने कोट चढवला नि निघाला, तुझे बाबा पाच मिनिटं रेंगाळून त्याच्यामागून गेले. चहा दोघांचाही तसाच राहिला.

ई-मेल धाडला आहे. संगणकवाल्याने पाठवताना काहीतरी विचारलं, मी हो म्हटलं. बिचारा मदतच करत होता.

लोभ असावाच, पण या वेळी फोटोही असावा.
तुझी,
आत्या


ता. २५ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू हो का म्हणालीस? त्याने विचारलं असणार की फोटो फार मोठा आहे, पाठवायला सोपा जावा म्हणून लहान करू का. तू हो म्हणालीस आणि त्याने अडतीस लाख ठिपक्यांचे पुन्हा तीन लाख करून पाठवले. मला मिळालाय तो परत दोन इंचांचाच. मी लॅबच्या मालकांना दाखवला, तर ते म्हणाले की तुमच्या घरात लहान मापाची फारच आवड दिसते.

पण घाबरू नकोस. लहान झाली ती फक्त मला आलेली प्रत. मूळ फोटो कॅमेऱ्यातल्या कार्डावर जसाच्या तसा आहे. कॅमेऱ्याच्या बुडाशी एक झाकण आहे, ते उघडून कार्ड हलकेच दाब, ते बाहेर येईल. तेच पोस्टाने पाठव. आणि कृपा करून कुठलंही बटण दाबून ते रिकामं करू नकोस. कॅमेरा काहीही विचारो, नाही म्हण.

घाईत आहे, तीन जणांचे मोठे फोटो मशीनवर आहेत. लोभ वाढो, पण ठिपके कमी न होवोत.
तुझी,
गुंडी


ता. १ एप्रिल

चि. गुंडीस,
अनेक आशीर्वाद.

कार्ड पाठवते आहे. एवढंसं कार्ड बघून माझा विश्वासच बसेना की यात माझे दोन भाऊ आहेत. अस्तराच्या कापडाची पिशवी शिवून त्यात घातलंय आणि चारही बाजूंनी दुहेरी टीप मारली आहे. कात्रीने उसव, दाताने तोडू नकोस.

कॅमेऱ्याने मला विचारलं होतं की कार्ड साफ करू का. मी मोठ्याने नाही म्हटलं. नाना हसले.

हे हरवलं तर मी त्या दोघांना तिसऱ्यांदा कुठल्या तोंडाने बोलवू? मिळाल्याचं तेवढं एका ओळीत कळव, बाकीची माया नंतर लिहिलीस तरी चालेल.
तुझी,
आत्या


ता. ८ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मिळालं. आणि आत्या, काय फोटो आलाय. बारा बाय नऊ, चकाकी नसलेल्या कागदावर छापलाय. माझ्या मशीनमधून रोज शेकडो फोटो निघतात, पण हा ओला असतानाच मी हातात घेतला आणि रडले. कटिंगवाल्या बाईंना वाटलं की बोट कापलं.

नानांच्या कपाळावरची आठी न आठी दिसते. बाबांच्या कानामागे खडू आहे, तो काढायचं विसरलेत. काका थोडा वाकून उभा आहे, शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखा. मी भिंग लावून कोपरान् कोपरा तपासला, कारण या वेळी चूक झालेली मला चालणार नव्हती. काकाच्या निळ्या चौकटीच्या शर्टाचं वरून तिसरं बटण एकाच धाग्यावर लोंबतंय, तो धागासुद्धा मोजता येतो. यापेक्षा स्पष्ट फोटो हा कॅमेरा काढूच शकत नाही.

फोटो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून वेगळ्या टपालाने पाठवला आहे. कार्डही त्यातच आहे. नानांचा चष्मा आला का? त्यांना फोटो कसा वाटला ते सविस्तर लिही, मी डोळ्यात तेल घालून वाट बघते आहे.

माझ्या वाट्याचं कौतुक राखून ठेव.
तुझी,
गुंडी


ता. १६ एप्रिल

चि. गुंडीस,
अनेक आशीर्वाद.

कसं लिहू कळत नाही. फोटो आला. मला तर असं वाटलं की दोघं भिंतीतून आत येतील. नानांचा चष्मा चार दिवस आधीच आला होता. फोटो पलंगासमोर लावला, त्यांना चष्मा घातला. ते बराच वेळ बघत राहिले. मग उठून जवळ गेले, नाक टेकेल एवढे जवळ. आणि म्हणाले, नीट आलेला नाही.

मी म्हटलं काय नीट नाही? तर म्हणाले, स्पष्ट नाही, चेहरे धूसर आहेत, पोरीला सांग की पुन्हा काढावा लागेल.

मला जे लख्ख दिसतंय ते त्यांना धूसर दिसतंय, याचा अर्थ डोळा गेला. डॉक्टरांनी बजावलंच होतं की अंधूक दिसायला लागलं तर लगेच आणा. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना घेऊन गेले. रांगेत मी नऊ वर्षांचं सगळं आठवत बसले होते. मुलं एकत्र दिसावीत एवढं एकच मागितलं या माणसाने, आणि आता मुलं एकत्र आहेत तर दिसत नाहीत.

डॉक्टरांनी डोळ्यात औषध घातलं, उजेड मारला, अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. नानांनी सगळ्यात खालची ओळ न अडखळता वाचली. मग जवळचं बारीक छापील वाचायला दिलं, तेही वाचलं. डॉक्टर म्हणाले, डोळा उत्तम आहे, बाई, तुम्हीच जरा विश्रांती घ्या.

घरी आलो, नाना पलंगावर बसले, फोटोकडे पाहिलं आणि पुन्हा तेच. नीट आलेला नाही. आता माझ्या डोक्याचा पार गोंधळ झाला आहे. डोळा चांगला, फोटो चांगला, मग धूसर आहे तरी काय? हे ठिपके वाटेत कमी होतात का? पुठ्ठ्यात दबून काही होतं का?

त्यांनी तुझ्या बाबांना आणि काकाला स्वतःच फोन करून महिन्याच्या शेवटच्या रविवारी बोलावलं आहे. दोघांनी मला वेगवेगळं विचारलं की नानांचा डोळा खरंच ठीक आहे ना. दोघांचा आवाज सारखाच घाबरलेला होता. मी ठीक आहे म्हटलं, पण विश्वास कोणी ठेवला नाही, मीही नाही.

लवकर लिही. आशीर्वाद आहेतच, धीर मात्र तुझ्याकडून हवा आहे.
तुझी,
आत्या


ता. २२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ठिपके वाटेत कमी होत नाहीत, पुठ्ठ्यात दबत नाहीत. एवढं सोडलं तर मलाही काही सांगता येत नाही.

मी तीच फाइल पुन्हा उघडून तपासली. बारा इंचांत एका इंचाला १८९ ठिपके पडतात. पलंगावरून बघायला ते भरपूर आहेत, नाक लावून बघितलं तरी वाईट दिसू नयेत. मालकांना विचारलं, तर ते म्हणाले की गिऱ्हाईक म्हणतं नीट नाही, म्हणजे नीट नाही, वाद घालू नये.

तरी एवढं करून बघ. फ्रेमला काच घातली असशील तर काढ, खिडकीचा उजेड पडून पांढरं दिसत असेल. फोटो दुसऱ्या भिंतीवर लावून बघ. चष्मा पुसून दे. आणि त्यांना नेमकं विचार की कोणाचा चेहरा धूसर आहे, बाबांचा की काकाचा. त्यावरून मला काही उमगलं तर उमगेल. रविवारी नवा फोटो काढशीलच, तोही मोठ्यावर ठेवूनच काढ. कार्ड पाठव.

आत्या, मी इथे रोज अनोळखी माणसांचे चेहरे दुरुस्त करून देते, आणि माझ्या आजोबांना एक फोटो नीट दाखवू शकत नाही. मला फार वाईट वाटतंय.

तुमच्या सगळ्यांची आठवण अगदी मूळ आकारात आहे.
तुझी,
गुंडी


ता. ३० एप्रिल

चि. गुंडीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचून झालं की फाड. किंवा नको फाडू, पण इकडे फोनवर एक शब्द बोलू नकोस.

काच काढली, चष्मा पुसला, भिंत बदलली. उत्तर तेच. कोणाचा चेहरा धूसर, असं विचारलं तर म्हणाले, दोघांचा थोडा थोडा. मी हात टेकले.

रविवारी दोघं आले. काका आल्या आल्या नाना त्याला म्हणाले की तुला फोनवर सांगितलेला तो शर्ट आणलास का. काकाने पिशवीतून निळ्या चौकटीचा शर्ट काढून दिला. तोच, त्याच्या दुकानातला, तयार. ज्या माणसाने नऊ वर्षांत तयार कपड्याला बोट लावलं नाही, त्या माणसाने तो मांडीवर पसरला, वरून तिसरं बटण चाचपलं आणि सुई मागितली.

मी सुई आणायला वळले, पण तुझे बाबा आधीच उठले होते. त्यांनी खिशातून दोरा काढला, धाग्याचा रंग शर्टाशी जुळवून पाहिला, सुईत ओवला आणि नानांच्या हातात दिला. नाना बटण लावत होते आणि दोघं दोन्ही बाजूंना वाकून बघत होते, लहानपणी दुकानात बघायचे तसे. मग तुझे बाबा हळूच म्हणाले की या शर्टाची कॉलर तशी बरी बसवली आहे. काका म्हणाला, दादा, शिलाई मात्र आपल्यासारखी नाही. नऊ वर्षांत दोघं एकमेकांशी पहिल्यांदा थेट बोलले, तेही शर्टाबद्दल.

मी आत जाऊन डोळे पुसले. आणि पुसता पुसताच हात थांबला. नानांना ते बटण दिसलं कसं? फोटोच्या दिवशी काका त्यांच्या पाठीमागे उभा होता आणि जाताना कोट चढवून गेला. त्या दिवशी चष्माही आला नव्हता, जवळचं सगळं धूसर. बटण लोंबतंय हे तुला भिंग लावून दिसलं, आणि मी ती ओळ त्यांना वाचून दाखवली नव्हती. म्हणजे त्यांनी ते फोटोतच पाहिलं. तू मोजलास तो धागासुद्धा त्यांनी पाहिला असणार.

गुंडे, माणसाला सगळं लख्ख दिसतंय. मी मात्र डॉक्टरांच्या रांगेत बसून देवाचा धावा करत होते. आधी असा राग आला की फोटो काढून त्यांच्या हातात द्यावा आणि जाब विचारावा. मग बाहेर आले, तर तिघं चहा पिऊन तिथेच बसले होते. कप रिकामे होते.

मी काही बोलले नाही, बोलणारही नाही. त्यांना वाटू दे की मला काही कळलेलं नाही. तिसरा फोटो काढला आहे, कार्ड सोबत आहे. या वेळी मला खोलीच्या बाहेर जावं लागलं नाही. छापून पाठव आणि त्यांनी नीट नाही म्हटलं तर निमूटपणे हो म्हण.

कळावे, आणि कळलं तरी न कळल्यासारखं करावे.
तुझी,
आत्या


ता. २ मे

चि. गुंडीस,
आजोबांचा आशीर्वाद.

बऱ्याच वर्षांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहितो आहे. ओळी सरळ आहेत ना बघ. हे तुझ्या आत्याला न सांगता खालच्या मजल्यावरच्या मास्तरांकडून टाकून घेतो आहे. ती साधी आहे, तिला यातलं काही उमगलेलं नाही आणि तिला उगाच काळजी.

तुझ्या मनाला लागलं असेल म्हणून लिहितो. तुझा फोटो उत्तम आला आहे. असा स्वच्छ फोटो मी जन्मात पाहिला नाही. तुझ्या बापाच्या कानामागचा खडूसुद्धा दिसतो. तू कामात पक्की झालीस याचा मला अभिमान आहे.

पण मी साठ वर्षं धंदा केला. ज्या माणसाने पुन्हा यावं असं वाटायचं, त्याचा कोट पहिल्याच वेळी अंगावर बरोबर बसला तरी मी म्हणायचो की खांद्यात किंचित ओढतोय, आणखी एक ट्रायल लागेल. माणसं यायची, बसायची, बोलायची. फोटो नीट आला असं मी म्हटलं असतं तर तो भिंतीवर गेला असता आणि ही दोघं आपापल्या दुकानात.

पहिल्या फोटोत दोघांच्या खांद्यांत छत्तीस इंच होते. दुसऱ्यात चौदा. या रविवारी दोघं उभे राहिले तेव्हा मी मान वळवून पाहिलं, साडेतीन होते. नजरेचं माप आहे, पण माझं चुकत नाही.

तेव्हा नवा फोटो छापलास की आत्याला कळव की मशीनचं काही सांगता येत नाही, अजून एकदा काढून बघा. ते साडेतीन इंच गेले की मी स्वतः सांगेन, फोटो नीट आला.

शेवटच्या ट्रायलला तूही ये. तुझ्यासाठी मधे जागा ठेवायला सांगितली आहे.

तुझा,
नाना